‘शुगर’ हा शब्द कुणाचा?

पाटोदा तालुक्यात शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही ‘शुगर’ हा इंग्रजी शब्द बिनचूक उच्चारतो. पण चहात टाकायची ती शुगर नव्हे. ती साखरच. गोड वस्तूला आमच्या वाड्यावस्त्यांवर अजून कोणी शुगर म्हणत नाही. दवाखान्यातून परतलेली आजी सांगते, ‘डॉक्टर म्हनले, शुगर हाय.’ आणि मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर घर सोडणारा भाऊ सांगतो, ‘औंदा अमक्या शुगरला चाललो.’ एकीच्या रक्तात शुगर, दुसऱ्याच्या कपाळी शुगर. पूर्वी कारखान्याच्या पाटीवर ‘सहकारी साखर कारखाना’ असे असायचे. आता खाजगी कारखाने वाढले आणि पाटीवर ‘शुगर्स लिमिटेड’ आले, म्हणून हा दुसरा अर्थ रूढ झाला.

वाचकहो, ज्या शब्दाने आपल्या घरात आजार आणि रोजगार दोन्ही आणले, तो शब्द आला तरी कोठून? साहेबाने आणला, असे कोणीही सांगेल. साहेबाने आणला हे खरे. पण साहेबाने तो घेतला कुणाकडून, हे पाहू लागले की शोध फिरतफिरत आपल्याच दाराशी येतो.

आधी शाळकरी मुलांची एक शंका फेडून टाकू. इंग्रजीत एस आणि यू जोडले की ‘सु’ व्हायला हवा, मग इथे ‘शु’ कसा? इंग्रज लोक जुन्या काळी हा शब्द ‘स्यु’सारखा म्हणत. घाईघाईने ‘स्यु’ म्हणून पाहा, जीभ आपोआप ‘शु’वर घसरते. ‘शुअर’ या शब्दाचेही तसेच झाले. उच्चार बदलला, स्पेलिंग जुनेच राहिले आणि छड्या मात्र आपल्या पोरांनी खाल्ल्या.

आता मूळ. संस्कृतात शब्द आहे शर्करा आणि पालीत सक्खरा. दोन्हींचा पहिला अर्थ गोड नाही. अर्थ आहे खडे, वाळूची रेव, बारीक दगडगोटे. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात तथागतांनी एक दृष्टांत दिला आहे. डोंगरातला निवळशंख पाण्याचा डोह आहे, काठावर डोळस माणूस उभा आहे, आणि त्याला तळाचे शिंपले, खडे, फिरणारे मासे स्पष्ट दिसत आहेत. त्या तळाच्या खड्यांना पालीत सक्खरा हाच शब्द आहे. पुढे उसाचा रस आटवून, राब निथळवून त्याचे दाणे पाडण्याची विद्या लोकांना साधली. ते दाणे रेवेसारखे दिसत, दाताखाली रेवेसारखे कुरकुरत. म्हणून खड्याचेच नाव गोडाला मिळाले. आपण ‘खडीसाखर’ म्हणतो तेव्हा नकळत एकच गोष्ट दोनदा सांगतो.

येथे एक बारीकसा मुद्दा आहे आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. संस्कृत शर्करामध्ये ‘क’ आहे, पालीत ‘ख’ आहे. आपल्या मराठीत काय आहे? साखर. म्हणजे ‘ख’च. उसाचेही तसेच. संस्कृतात इक्षु, पालीत उच्छु, आणि मराठीत ऊस. इक्षुपेक्षा उच्छु उसाच्या किती जवळचा आहे, हे कानालाच कळते. मराठी ही पोथीतल्या संस्कृतातून उतरली, असे आपल्याला शिकवले जाते. पण रोजच्या तोंडातले शब्द तपासले तर ते लोकांच्या बोलींतून, पालीच्या भावंडांतून आलेले दिसतात. बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश करण्याचे काम हाती घेतले होते. त्यांच्या समग्र वाङ्मयाचा सोळावा खंड म्हणून शासनाने तो १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्या घरात तो खंड असेल, त्या घरातील मुलांनी संध्याकाळी कधी स्वयंपाकघरातले शब्द घेऊन तो उघडावा.

हा शब्द देशाबाहेर पडला तो व्यापाऱ्यांच्या पाठीवरून. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस याने इ.स.पूर्व चौथ्या शतकात, हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू आहेत, अशी नोंद केली. त्याने ऊस पाहिला, पण नाव त्याच्या ग्रंथांतून आपल्याला मिळत नाही. पुढे पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने ‘साक्खारोन’ असे नाव लिहिले. मिठासारखा दाणा, दातांखाली फुटणारा, असे त्याने वर्णन केले आणि त्याची गणना औषधांत केली. त्या ग्रीक नावातही ‘ख’ आहे! ग्रीकांनी हे नाव पोथीतून नव्हे, बाजारात बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून उचलले, हे त्यावरून उघड होते. त्याच ग्रीक नावातून शास्त्रज्ञांचा ‘सॅकरम’ निघाला, म्हणजे उसाचे शास्त्रीय नाव. १८७९ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत फाहलबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासूनच्या रसायनांवर काम करताना जो कृत्रिम गोड पदार्थ सापडला, त्याचे ‘सॅकरीन’ हे नावही त्यातलेच.

दुसरी वाट इराणची. तेथे शकर झाले, तेथून अरबांकडे सुक्कर. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या मराठवाड्यात जुनी माणसे ‘शक्कर’ म्हणत, ती याच वाटेवरून मागे आलेली. अरबांनी सुक्कर भूमध्य समुद्रापलीकडे नेली. इटलीत ती झुक्केरो झाली, फ्रान्समध्ये स्युक्र, आणि फ्रेंचांकडून साधारण सातशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या घरात शिरली. स्पेनच्या लोकांनी अरबी उपपदासकट शब्द उचलला, म्हणून त्यांची आसूकार. शब्द एकच. प्रत्येक देशाने आपल्या जिभेवर घोळवून घेतला इतकेच. साहेब आपल्याकडे शुगर घेऊन आला, तेव्हा आपलीच साखर टोपी घालून परत आली होती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की उसाचे झाड मूळचे आपले नाही. शास्त्रज्ञांच्या मते पहिल्यांदा ऊस लावला तो दूर पूर्वेकडच्या न्यू गिनी बेटावरच्या लोकांनी. झाड त्यांचे, पण दाणा पाडण्याची विद्या आणि त्या दाण्याचे नाव इकडचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशी काकवीपासून साखरेपर्यंतची यादीच आहे. त्यातल्या खंडावरून खांड आणि खांडसरी, आणि इराणी-अरबी वाटेने इंग्रजांची ‘कँडी’. मुले ‘कँडी’साठी हट्ट करतात तेव्हा ती खंडच मागत असतात. इंग्रजीत गुळाला ‘जॅगरी’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावर ऐकला, आणि त्याचेही मूळ शर्कराच. म्हणजे इंग्रजीत शुगर आणि जॅगरी या सख्ख्या बहिणी, एक अरबस्तानातून गेलेली, दुसरी गलबतावरून. आपल्या गुळाचा मात्र त्यांच्याशी संबंध नाही. तो गोळ्याच्या नात्यातला.

चीनला ही विद्या गेली त्यात आपल्या धम्माचाही हात आहे. विनयपिटकात आजारी भिक्खूंसाठी पाच औषधांची मुभा आहे : तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे काकवीसारखा आटवलेला रस. सात दिवसांपर्यंत ती जवळ ठेवता येत. जेथे भिक्खू गेले तेथे ही गरज गेली. इ.स. ६४७ मध्ये थांग सम्राट ताइ-त्सुंग याने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली, अशी चिनी इतिहासात नोंद आहे. चिनी लोक अशा साखरेला ‘दगडी मध’ म्हणत. पुन्हा खडाच!

महावग्गात एक प्रसंग आहे. बेलट्ठ कच्चान नावाचा माणूस गुळाच्या घागरींनी भरलेल्या पाचशे गाड्या घेऊन राजगृहाहून निघालेला तथागतांना भेटतो आणि सगळ्या भिक्खूंना गूळ वाटतो. गूळ उरतो, पुन्हा वाटतो, तरी उरतो. त्यानंतर नियम केला तो असा : आजाऱ्याला गूळ, आणि जो आजारी नाही त्याला गुळाचे पाणी. डॉक्टरांनी शुगर सांगितलेल्या वाचकांनी मात्र हा नियम पुढचे वाचल्याशिवाय स्वतःला लावून घेऊ नये.

पाचशे गाड्या वाचल्यावर आम्हाला कारखान्याच्या काट्यावर रात्रभर उभी राहणारी उसाच्या गाड्यांची रांग आठवली. गाड्या कोण भरत होते, ऊस कोणी तोडला, हे महावग्गात नाही. साखरेच्या जगाच्या इतिहासात मात्र ते रक्ताने लिहिलेले आहे. १४९३ मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत ऊस अमेरिकेकडच्या बेटांवर नेला. उसाला हात लागतात. ते हात आफ्रिकेतून पकडून आणले. चारशे वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास माणसे साखळदंड घालून जहाजांत भरली गेली. त्यांतील फार मोठा भाग उसाच्या मळ्यांवर खपला. साखर इंग्रजांच्या चहात पडली ती अशी. १७९१ साली इंग्लंडात हजारो घरांनी, त्यातही घरातील बायकांनी, गुलामांच्या घामाची साखर चहात घालायची नाही असे ठरवले. काहींनी साखरेच्या भांड्यावर, ही साखर गुलामांनी केलेली नाही, असे लिहवून घेतले. मोर्चा नव्हता, सभा नव्हती. नुसता चमचा बाजूला ठेवला. त्याची धग सत्तेला लागली.

१८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींत गुलामी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांनी दुसरा रस्ता काढला. त्याच वर्षी हिंदुस्थानातून करारावर मजुरांची जहाजे मॉरिशसला लागली. त्या बेटावर आपल्याकडची मराठी माणसेही उसाला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी जपतात. अंगठा उठवलेल्या करारपत्राला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’. मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि माणसे झाली गिरमिटिया. कागदाचे नाव माणसाला चिकटले.

आता पाटोद्याला येऊ, कारण माणसाला हत्याराचे नाव चिकटवण्याची रीत आपल्याकडेही आहे. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० मध्ये त्याचे धुराडे पेटले. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहत गेले, आणि ऊस तोडायला बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसे उतरत गेली. मांजरा नदी आपल्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. खाली धनेगावला तिच्यावर धरण आहे, पुढे लातूरकडे तिच्या पाण्यावर ऊस डोलतो. उगमाला मात्र एका पावसाळी पिकावर वर्ष काढायचे. पाणी खाली गेले, पाण्यामागे माणूस गेला.

या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. टोळीत किती माणसे, असे कोणी विचारत नाही. किती कोयते, असे विचारतात. बाईने नवऱ्याइतक्याच मोळ्या बांधल्या, गाडीवर चढवल्या, पहाटे भाकरी थापल्या, तरी हिशोबात ती अर्धा कोयता. संपालासुद्धा ‘कोयता बंद’ म्हणतात. मुकादम हा शब्द अरबी. टन, टायर, सीझन हे इंग्रजी. उचल, फड, मोळी, वाढे, कोपी, खाडा हे आपले. वाचकांपैकी ज्यांनी कोपीत हंगाम काढला आहे, त्यांना आम्ही अर्थ सांगायची गरज नाही. ज्यांची मुले शहरात नोकरीला लागली, त्यांनी आपल्या नातवंडांना ते जरूर सांगावेत. इंग्रजी शब्दकोशात शुगर, कँडी, जॅगरी सगळ्या बसल्या आहेत. कोपीला तेथे जागा मिळालेली नाही.

‘खाडा’ या एका शब्दाची किंमत सांगतो. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळीचे दिवस, अंगावर जाणे, ओटीपोटातले दुखणे यांनाही सूट नाही. मग गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये झालेल्या शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा बायकांत एक. त्यातल्या कितीतरी तरुण होत्या. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला ओढून नेतात तेव्हा या कायद्याचे नाव घ्यावे. जिल्हाधिकाऱ्यांवर त्याची जबाबदारी टाकलेली आहे.

राहिली आजीची शुगर. या आजाराचे आपले नाव मधुमेह. लघवी गोड होते, तिला मुंग्या लागतात, ही खूण आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ठाऊक होती. इंग्रजीतले ‘डायबेटीस’ हे नाव ग्रीक, त्याचा अर्थ आरपार निघून जाणे. प्यालेले पाणी अंगात न राहता वाहून जाते म्हणून. लंडनच्या विलिस नावाच्या डॉक्टरने १६७०च्या दशकात लघवी गोड असल्याचे लिहिले, आणि पुढे त्या नावाला मधाचे शेपूट जोडले गेले. पण सामान्य माणूस एवढे लांब नाव घेत नाही. बार्बाडोस, जमैका या बेटांवर, जेथे उसाच्या मळ्यांवर गुलाम आणले, तेथे त्यांचे वंशज आजही ‘मला शुगर आहे’ असेच म्हणतात. पाटोद्याची आजी आणि बार्बाडोसची आजी यांनी एकमेकींना कधी पाहिले नाही. दोघींनी आजाराला नाव एकच दिले.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. घटना लिहिण्याच्या त्या वर्षांत पायाच्या वेदना आणि इन्सुलिनच्या सुया सोसत त्यांनी काम केले. इन्सुलिन १९२१ साली कॅनडात सापडले नसते, तर हा आजार असलेल्या कितीतरी माणसांना आयुष्याची एवढी वर्षे मिळाली नसती. म्हणून इन्सुलिन सुरू झाले की आता सगळे संपले, असे समजणाऱ्यांनी तो समज सोडावा.

दवाखान्याच्या कागदावर उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा जास्त, आणि ठरावीक साखर पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त आली की मधुमेह मानतात. त्रास नसेल तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, तिचा आकडा साडेसहा किंवा वर असेल तरी तेच. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. टोळी निघण्याआधी ती करून घ्यावी आणि गोळ्यांचा कागद भांड्यांबरोबर बांधावा.

साखर सोडली आणि गुळाचा चहा सुरू केला, असे अनेक जण अभिमानाने सांगतात. गूळ आणि साखर एकाच रसाची लेकरे. गुळाने रक्तातली शुगर चढतेच. बेलट्ठ कच्चानाचा गूळ उपयोगी पडतो तो उलट वेळी. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, भाकरी न खाता पहाटे चारला फडात उतरले की शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, गाडी काढावी. कोयत्याबरोबर कनवटीला साखरेची पुडी ठेवायला खर्च येत नाही.

इन्सुलिनची बाटली कोपीत पत्र्याखाली तापू देऊ नये. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटे मडके, आणि त्यात पिशवीत बांधलेली बाटली सावलीला ठेवावी.

आणि पाय. शुगर जुनी झाली की तळव्यांची जाणीव बधिर होते. उसाची तोडलेली बुडखी चाकूसारखी असतात. बुडखा पायात घुसला तरी कळत नाही, जखम आत कुजते, आणि पट्टा पडून गावी येईपर्यंत बोट कापायची पाळी येते. चप्पल घालून फडात उतरू नये, बंद बूट घालावेत, आणि घालण्याआधी ते उलटे करून झाडावेत. एखादा खडा आत असतो. रात्री कोपीत बत्तीच्या उजेडात नवऱ्याने बायकोचे आणि बायकोने नवऱ्याचे तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवावे. लालसर, ओले, वास येणारे काही दिसले तर खाड्याची पर्वा न करता दुसऱ्या दिवशी जवळचा सरकारी दवाखाना गाठावा.